नीरा डावा कालवा : खणला ज्वारीसाठी, प्याला ऊस

रब्बी ज्वारीला पेरणीच्या ओलीवर दोन-तीन पाणी मिळाली की कणीस भरतं. सगळं मिळून शेतावर २५-३० सेंटीमीटर उंचीचं पाणी झालं. त्याच रानात ऊस लावून मोकाट पाणी दिलं तर वर्षभरात अडीचशे सेंटीमीटरच्या आसपास लागतं. म्हणजे एका एकर उसाच्या पाण्यात आठ-दहा एकर ज्वारी निघते. नीरा डाव्या कालव्यावर आजवर जे नियम झाले, जी भांडणं झाली आणि जी रानं बिघडली, त्या सगळ्याच्या मुळाशी हा एवढाच भागाकार आहे.

कालव्याचं काम सुरू झालं ते १८७६-७७च्या दुष्काळात. पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग, म्हणजे आजचे बारामती-इंदापूर तालुके, हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. भोरच्या डोंगरात धो-धो पाऊस आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरवर बाभळी आणि कुसळी गवत. दुष्काळी कामावर आलेल्या मजुरांच्या हातून माती उचलली गेली. पुढे भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं पहिलं धरण झालं. त्या तलावाला व्हायटिंग या इंजिनिअरचं नाव होतं. धरणातलं पाणी नदीतूनच खाली सोडायचं, वीरजवळ बंधाऱ्यानं अडवायचं आणि तिथून डाव्या अंगाला पाटात घ्यायचं, अशी रचना होती. १८८५च्या सुमारास पाणी खेळू लागलं. पुरंदरच्या कडेनं बारामती आणि पुढे इंदापूरपर्यंत हा पाट सुमारे दीडशे किलोमीटर जातो.

तो नदीला समांतर दिसत असला तरी नदीसारखा धावत नाही. समपातळीच्या रेषेला धरून, नाममात्र उतारावर, प्रत्येक ओढ्याला वळसा घालत किंवा त्याच्यावरून मोरी काढत तो जातो. त्यामुळे पाट आणि नदी यांच्यामधलं रान भिजतं आणि पाटाच्या वरच्या अंगाचं रान कोरडं राहतं. एकाच गावात दोन भाऊ, एकाचा गट पाटाखाली आणि दुसऱ्याचा पाटावर, तर दोघांच्या जमिनीच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. पुढे मोटर आणि पाइपलाइन आल्यावर ही रेघ थोडी पुसट झाली, पण पुसली गेली नाही.

सुरुवातीला गंमत अशी झाली की पाणी घ्यायला कोणी फारसं येईना. काळी भारी जमीन, पाऊस बरा झाला तर ज्वारी पाण्यावाचूनच येते. मग सरकारला पाणीपट्टी कशाला भरायची? पाऊस गेला की सगळे एकदम मागणार, आणि पाऊस झाला की पाट वाहतोय पण दारं बंद. ज्वारीसाठी खणलेल्या पाटाला ज्वारीवाला हे असलं बेभरवशाचं गिऱ्हाईक मिळालं. पाटबंधारे खात्याला दरवर्षी, बारा महिने पट्टी भरणारं पीक हवं होतं.

ते पीक आणलं सासवडच्या माळ्यांनी. विहिरीवरच्या बागायतीत हात बसलेले हे लोक. पुंड्या जातीचा ऊस, सऱ्या पाडायची रीत, पेंडीचं खत, गुऱ्हाळाची कला, हे सगळं बरोबर घेऊन ते पाटाखालच्या गावांत उतरले. स्थानिकांच्या जमिनी खंडानं घेतल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ आले आणि पाटाचं मोल स्थानिक शेतकऱ्यालाही पटलं. माळ्यांचं बघून तोही उसात उतरला. ऊस म्हणजे रोकड लागणारं पीक: बेणं, पेंड, मजुरी, चरकाचं भाडं, सगळं आधी आणि पैसा वर्ष-दीड वर्षानं. ही गरज आधी सावकारानं भागवली, नंतर सहकारी पतपेढ्यांनी. १९११ साली मुंबईत निघालेल्या मध्यवर्ती सहकारी बँकेचं, म्हणजे आजच्या राज्य सहकारी बँकेच्या पूर्वज संस्थेचं, सुरुवातीचं एक मोठं गिऱ्हाईक नीरा खोऱ्यातला ऊसवालाच होता. सहकाराची मुळं साखर कारखान्यात शोधतात, ती खरं तर गुळाच्या काहिलीपाशी सापडतात.

मग भागाकार आडवा आला. वरच्या गावांनी ऊस वाढवला की खालच्या गावांची ज्वारी वाळणार, हे उघड होतं. मुंबई इलाख्यात तेव्हा नोकरीला असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी यावर ब्लॉक पद्धत सुचवली. ठरावीक क्षेत्राचा ब्लॉक, त्याला काही वर्षांच्या पाण्याची हमी, पण ऊस त्यातल्या साधारण एक तृतीयांश भागातच. बाकीत हंगामी पिकं, आणि दरवर्षी उसाची जागा बदलायची. शेतकऱ्याला भरवसा मिळतो, खात्याला मागणीचा अंदाज येतो आणि जमिनीला विश्रांती मिळते. कागदावर ही योजना आजही तितकीच शहाणी वाटते. रानात मात्र एक तृतीयांशाचं कुंपण टिकवायचं तर दर हंगामाला मोजणी हवी, आणि मोजणाऱ्याला गावातच राहायचं असतं!

जमिनीची विश्रांती हा शब्द उगाच आलेला नाही. पाणी आणायची सोय केली, निचऱ्याची केली नाही. काळ्या जमिनीत वरून ओतलेलं पाणी खालच्या मुरमाच्या थरावर साठत गेलं, पातळी वर आली, आणि पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही वर आले. १९१०मध्ये हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी शेतकी खात्यासाठी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अहवाल लिहिला. पाणी सुरू होऊन जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. १९१६ साली पुण्यात खास सिंचन संशोधनाचा कक्ष निघाला आणि इंग्लिस या इंजिनिअरच्या हाताखाली दख्खनच्या कालव्यांवरचा निचरा हा त्याच्या कामाचा मोठा भाग झाला. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र त्या कक्षातूनच वाढलं.

हा प्रश्न जुना झालेला नाही, म्हणून इथे जरा थांबतो. पाटाखाली बिघडलेलं रान तीन तऱ्हेचं असतं आणि तिन्हीचा इलाज वेगळा. पाणथळ रान म्हणजे खड्डा घेतला की मीटरभरात पाणी लागतं, पण क्षार अजून फार नाहीत. खारवट रानात सुकल्यावर पांढरा थर दिसतो, सामू (पीएच) साडेआठच्या आत असतो, आणि मातीची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप, मीटरला ४ डेसीसायमनच्या वर जाते. चोपण रान याच्या पुढचं: सामू साडेआठच्या वर, सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला, ओलं असताना चिकट लोण्यासारखं आणि वाळल्यावर दगड, वर गढूळ पाणी दिवसेंदिवस उभं. पांढरं दिसलं म्हणून चोपण समजून जिप्सम टाकणं ही नेहमीची चूक. नुसत्या खारवट रानाला जिप्समची गरज नसते, त्याला क्षार धुऊन खाली न्यायला चांगलं पाणी आणि ते बाहेर काढायला वाट हवी असते.

चोपण ठरलं तर मातीपरीक्षणात जिप्समची जी गरज निघेल तिच्या निम्मं पहिल्या वर्षी, वरच्या वीतभर थरात शेणखताबरोबर मिसळायचं. नीरा खोऱ्यात बऱ्याच रानांत चुनखडी असते. तिथे जिप्समपेक्षा गंधक किंवा प्रेसमडचं, म्हणजे कारखान्यात उसाच्या रसातून निघालेल्या गाळाचं कंपोस्ट जास्त उपयोगी पडतं, कारण मातीतला अडकलेला चुना ते मोकळा करतात. ढैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक एकरी सुमारे २० किलो पेरून ४५-५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या आत गाडायचं. उशीर झाला की खोड लाकडासारखं होतं आणि कुजत नाही.

पण निचरा नसेल तर हे सगळे पैसे पाण्यात. उघडा चर सगळ्यात स्वस्त, त्याची अडचण अशी की जागा खातो, दोन पावसाळ्यांत ढासळतो आणि त्यात बेशरमाचं तण माजतं. जमिनीखालची निचरा प्रणाली महाग पण टिकाऊ: ८० मिलिमीटरचे सच्छिद्र पन्हाळीचे पीव्हीसी पाइप, वर कापडी गाळणी, मीटर ते सव्वा मीटर खोल, भारी जमिनीत २० ते ३० मीटर अंतरावर, शंभर मीटरला दहा ते वीस सेंटीमीटर उतार. हे पाइप मोठ्या मुख्य पाइपात आणि तो ओढ्यात. बिघडतं ते जवळपास नेहमी शेवटच्या टोकाला. ओढ्याचा तळ गाळानं वर आलेला असतो, त्यामुळे पाइपाचं तोंड पाण्याखाली जातं आणि पावसाळ्यात पाणी उलट आत येतं. म्हणून पाइप घेण्याआधी ओढ्याची पातळी मोजायची आणि तो साफ करून घ्यायचा. दुसरी अडचण शेजाऱ्याची. पाणी त्याच्या रानातून जाणार असतं आणि तो नाही म्हणतो. एकट्यानं केलेला निचरा फारसा चालत नाही, पन्नास-शंभर एकरांचा गट करून केला तरच खर्चही परवडतो.

उसाची गोष्ट मध्येच राहिली. १९२८मध्ये भाटघरला नवं, मोठं धरण पुरं झालं. त्याला तेव्हा गव्हर्नर लॉईड यांचं नाव दिलं होतं, आज जलाशय येसाजी कंकांच्या नावानं ओळखला जातो. त्यातून नदीपलीकडे उजवा कालवा खंडाळा, फलटण, माळशिरसकडे गेला. परदेशी साखरेवर कर बसून देशी साखरेला संरक्षण मिळाल्यावर १९३०च्या दशकात कारखाने आले: डाव्या अंगाला कळंबला उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा, उजवीकडे अकलूजजवळ सासवडच्याच माळ्यांनी उभा केलेला माळीनगरचा. १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. पुंड्या गेला, कोइमतूरचे वाण आले. आज ज्याच्यावर निम्मा शिवार उभा असतो त्या को ८६०३२ला महाराष्ट्रात ‘नीरा’ हेच नाव आहे, आणि चोपण-खारवट रानात जो तग धरतो तो फुले २६५ पाडेगावचाच. एकाच केंद्रानं जास्त पाणी पिणाऱ्या पिकाचा उतारा वाढवला आणि त्या पाण्यानं बिघडलेल्या रानासाठीही वाण काढला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगरचे सहकारी कारखाने आले आणि ज्वारीचा प्रश्न कायमचा मागे पडला.

आता पाणी येतं ते भाटघर (२३.५० टीएमसी), नीरा देवघर (११.७३), गुंजवणी (३.६९) आणि वीर (९.४१) या चार धरणांच्या साखळीतून, आणि दोन्ही कालवे वीरमधून सुटतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, २८.३ दशलक्ष घनमीटर. पेपरात ‘अमुक टीएमसी सोडणार’ वाचून अंदाज येत नाही, तो असा घ्यावा: पाट ८०० क्यूसेकनं, म्हणजे सेकंदाला ८०० घनफुटांनी चालला तर एक टीएमसी साडेचौदा दिवसांत संपतो. महिनाभराचं आवर्तन, म्हणजे पाट सोडायची एक फेरी, झालं की दोन टीएमसी गेले.

आणि सुटलेलं पाणी लगेच पोचत नाही. सेकंदाला पाऊण मीटर वेग धरला तर दीडशे किलोमीटरला अडीच दिवसांच्या आसपास लागतात, तेही पाट ओला असेल तर. महिनाभर कोरडा पडलेला, भेगाळलेला पाट आधी स्वतः पितो.

वाटपाची रीत शेजपाळी, म्हणजे शेजारच्या रानांना ओळीनं पाळी. पाण्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. हंगामाआधी खातं जाहीर प्रकटन काढतं, त्यातल्या मुदतीत नमुना नंबर ७वर अर्ज द्यायचा: गट नंबर, पीक, क्षेत्र. क्षेत्र २० आरच्या (साधारण अर्ध्या एकराच्या) पटीत लिहायचं. थकबाकी असेल तर अर्ज तिथेच अडतो. पट्टीवर २० टक्के स्थानिक उपकर असतो, तो हिशेबात धरावा. मंजुरीचा पास घेऊन ठेवायचा, कारण पास नसताना रान भिजलेलं दिसलं तर पंचनामा होतो आणि दंडाचा दर लागतो. प्रत्येक चारीवरच्या, म्हणजे पाटातून रानाकडे नेणाऱ्या लहान पाटावरच्या, पासांची यादी करून शेजपाळी लागते, आणि ती शेपटाकडून (खालच्या टोकाकडून) मुखाकडे. हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. मुखाकडच्यानं आधी भिजवलं की त्याला दुसरी पाळीही हवीशी वाटते, आणि शेपटाला पाणी कधीच जात नाही. शेपूट भिजलं की वरच्याला आपोआप मिळणारच असतं.

शेतचारी आणि पोटचारी साफ ठेवणं हे लाभधारकाचं काम. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला शिव्या देण्याआधी स्वतःची चारी बघावी. गवतानं भरलेल्या चारीत पाणी फुगतं, काठावरून सांडतं, आणि तुमच्या तीन तासांतला एक तास ओढ्याला जातो.

आता तीन तास का, ते बघू. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. तासाला झालं सुमारे १०२ घनमीटर, आणि एका एकरावर एक इंच पाणी म्हणजेही तेवढंच. हे इतकं सोयीचं जुळतं की तोंडपाठ करून ठेवावं: एक क्यूसेक, एक तास, एकर-इंच. सरीतून साडेसात सेंटीमीटर, म्हणजे तीन इंच पाळी द्यायची तर एकराला तीन तास. तुम्हाला पाच तास लागत असतील तर चारीत एक क्यूसेक येत नाहीये किंवा सऱ्या फार लांब आहेत. भारी जमिनीत उतार कमी असेल तर सरी लांब ठेवली की वरच्या टोकाला पाणी मुरत राहतं आणि खालचं टोक कोरडं. रात्री दारं धरणारा माणूस मग सरळ फोडून देतो आणि झोपतो. चोपणाची सुरुवात अशा रात्रींत होते.

चारीत किती येतंय हे घरच्या घरी मोजता येतं. जाड पत्र्यात काटकोनाची व्ही आकाराची खाच कापायची, पत्रा चारीत आडवा उभा ठोकून कडा मातीनं बंद करायच्या. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची २१ सेंटीमीटर भरली तर एक क्यूसेक, २० भरली तर सेकंदाला साधारण २५ लिटर. तीन गोष्टी चुकतात. उंची खाचेतच मोजतात, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं, म्हणून ती वरच्या बाजूला, उंचीच्या चौपट अंतरावर मोजायची. खालच्या बाजूला पाणी मोकळं पडायला हवं, तुंबून खाचेपर्यंत आलं की आकडा खोटा. आणि पत्र्यामागे गाळ साठू द्यायचा नाही.

पाटाकाठचं जगणं या आवर्तनाच्या घड्याळावर चालतं. पाट सुटला की धुणी, गोधड्या, जनावरं. पुलांच्या कडेला पोरांच्या उड्या, ज्या सरळ उभ्या काठांमुळे जिवावर बेततात, कारण आत गेलेल्याला धरायला काही नसतं. गावांचे आणि बारामती शहराचे साठवण तलाव या दिवसांत भरून घेतात, शेतफळसारखे तलावही भरतात. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या (झोपड्या) पाणी जवळ पडेल अशा बेतानं पडतात. पाट बंद झाला की मोऱ्यांखालच्या डबक्यांत मासे धरणारे दिसतात.

पाट फुटतो तो बहुधा भरावाच्या जागी, ओढ्याच्या तोंडाशी. २०१९मध्ये तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर राज्यभर विनोद झाले. ते धरण कशानं फुटलं हा विषय निराळा, पण मातीच्या पाटाच्या भरावाला खेकडा आणि घूस खरंच पोखरतात. त्याहून वाईट म्हणजे वाळलेल्या बाभळीची कुजलेली मुळं आणि भरावातून चोरून टाकलेले पाइप: पाइपाच्या अंगालगतची माती कधी नीट दबत नाही, पाणी त्या कडेनं वाट करतं. बाहेरच्या पायथ्याला ओल दिसली आणि पाणी नितळ असेल तर नजर ठेवावी, गढूळ यायला लागलं तर माती वाहतेय, तेव्हा लगेच कळवायचं आणि वरच्या सांडव्यानं पाणी ओढ्यात काढायचं. पाट एकदम रिकामा करणंही घातकच, भिजलेला आतला काठ आधाराविना घसरतो. भगदाड बुजवताना नुसता मुरूम लोटला तर पुढच्या आवर्तनात तिथेच फुटतं. जुन्या भरावात पायऱ्या कापून, चिकण मातीचे वीतभराचे थर दाबत वर यायला लागतं, म्हणजे जुन्या-नव्याच्या सांध्यातून पाण्याला सरळ वाट राहत नाही.

सध्या भांडण आहे ते अस्तरीकरणाचं. काँक्रीटचं अस्तर लावलं तर गळती थांबेल, शेपटाला पाणी पोचेल, असं खातं म्हणतं. पाटाखालच्या विहिरी याच गळतीवर चालतात, अस्तर झालं की विहिरी आटतील, असं काठचे शेतकरी म्हणतात, आणि काम अडवतात. दोघांचंही खरं आहे. पण ज्या गळतीनं विहिरी भरल्या तिनंच खालची रानं चोपण केली, हे वरच्या काठावरून बोललं जात नाही. आणि अस्तरानं वाचलेलं पाणी इंदापूरच्या शेपटाला कडवळ-ज्वारीला मिळेल की वाटेत नव्या उसाला, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेलं नसतं. मला विचाराल तर सरसकट अस्तर करू नये. भरावाचे, ओढ्यांवरचे आणि ज्यांच्याखाली रान पाणथळ झालंय ते तुकडे आधी घ्यावेत, खोदाईतला पाट तसाच ठेवावा, आणि प्रत्येक वितरिकेच्या, म्हणजे पाटातून फुटणाऱ्या फाट्याच्या, तोंडाला मोजमापाचा आकडा रोज फळ्यावर लिहावा. तो आकडा शेपटाच्या माणसाला मोबाइलवर दिसला तर शेजपाळीची निम्मी भांडणं पाटकऱ्याच्या दारात येणार नाहीत. उरलेली निम्मी उसाची आहेत.